ज्यांना डोहाळजेवण नव्हते

सातव्या महिन्यात हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांची वाडी भरून डोहाळतुलीला झोपाळ्यावर बसवायचे, पेढा की बर्फी म्हणून वाटी उघडायला लावायची, हा आपल्या हौसेचा सोहळा. पहिलटकरणीच्या मनातली भीती चार बायकांच्या हसण्याने हलकी होते. आपल्या आज्या-पणज्यांनी हे मोठ्या जाणतेपणाने बसवून दिले.

परंतु पूर्वी त्याच घरांत एखादी बालविधवाही असे. तिला दिवस गेले तर ओटी कोण भरणार? विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला, पण रूढी सुटली नव्हती. पाप करणारा नामानिराळा राही. ती मात्र विहीर जवळ करी, नाही तर जन्मल्या बाळाच्या गळ्याला नख लावी.

अशा अभागिनींसाठी १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. स्वतःला मूल नसलेल्या सावित्रीबाईंनी त्यांची बाळंतपणे निगुतीने केली. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंना प्लेग झाला व १० मार्चला त्या गेल्या.

नवऱ्यावाचून राहिलेली गर्भारशी आजही एखाद्या आळीत असते. तिचीही ओटी भरावी, आणि ओटी भरायला विधवा भगिनीलाही पुढे बोलवावे. इतके तर आपल्या हाती आहे.