तिसरी डोलकाठी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्या सुतारशाळेत आम्ही काही माजी विद्यार्थी रविवारी सागवानी गुराबेचा नमुना करीत असू. सांगाडा उभा राहिला, तेव्हा आंग्र्यांच्या वैभवास शोभावी म्हणून मी तिसरी डोलकाठी तासून आणली. गुरुजी म्हणाले, "डॉक्टर झालास, आधार कुठे आहे?"

आधार सापडला तो कंपनीच्या नोकरीतील रॉबर्ट ऑर्म याच्या १७६३ च्या ग्रंथात. तीन डोलकाठ्या सुमारे ३०० टनांच्या मोजक्या गुराबांना. एरवीच्या १५० टनांच्या गुराबेस दोनच. तळ उथळ, मध्यभाग रुंद, नाळ चोचीसारखी पुढे आलेली, आणि तिच्या रोखाने दोन जड तोफा. वारा पडला की ४०-५० वल्ह्यांची गलबते तिला ओढून शत्रूवर नेत. आमचा सांगाडा लहान गुराबेच्या प्रमाणाचा होता.

परक्याच्या ग्रंथावर विसंबावे का लागले? फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात इंग्रजांच्या माऱ्याने तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. त्या मोहिमेत इंग्रजांचे सहकारी होते खुद्द पेशवे. आपला ठेवा जाळणाऱ्यांत आपणही होतो, हे आपल्या अभिमानाने विसरू नये.

गुरुजींनी ती डोलकाठी नमुन्यास लावू दिली नाही. ती आजही माझ्या मेजावर आहे. लिहिताना पूर्वजांस अधिक उंच करण्याचा मोह झाला, की मी तिच्याकडे पाहतो.