दिनविशेष : १८ जानेवारी – सिंथेसायझरसह पाताळात
१९७४ : ‘येस’ या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा कीबोर्डवादक रिक वेकमन याने लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ‘जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ’ सादर केले. आधार जूल व्हर्नच्या १८६४च्या कादंबरीचा. (मराठी घरांत व्हर्न पोचवला तो भा. रा. भागवतांनी.) वेकमनचे वय अवघे २४, साथीला स्वतःचा बँड, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, इंग्लिश चेंबर क्वायर आणि निवेदनाला अभिनेता डेव्हिड हेमिंग्ज. एवढा लवाजमा स्टुडिओत बसवणे परवडणारे नव्हते, म्हणून थेट मैफलीतच ध्वनिमुद्रण उरकले. मे महिन्यात बाजारात आलेली तबकडी ब्रिटनमध्ये पहिल्या, अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेली. निवेदन अधूनमधून शाळेच्या स्नेहसंमेलनाची आठवण करून देते, भपकाही जरा जास्तच. पण ऑर्केस्ट्राच्या लाटेवर सिंथेसायझर स्वार होतो त्या जागा आजही ऐकाव्यात अशा. त्याच वर्षी वेकमनने ‘येस’ सोडला. जुलैत क्रिस्टल पॅलेसच्या मैफलीनंतर त्याला हृदयविकाराचा झटका आला, आणि रुग्णालयात पडल्यापडल्याच त्याने राजा आर्थरवरचा पुढचा अल्बम रचायला घेतला.