घबाड

अनपेक्षित लाभाला मराठीत ‘घबाड’ म्हणतात. डाळिंबाला अचानक चढा भाव मिळाला, की अंथुर्णे-इंदापूरकडच्या बोलीत ‘घबाड गावलं’. ध्यानीमनी नसताना हाती येणाऱ्या लाभाचा हा शब्द मूळचा पंचांगातला, काटेकोर हिशेबाने काढलेल्या मुहूर्ताचा आहे.

सूर्य ज्या नक्षत्रात असेल तिथपासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजावे, येणारी संख्या तिप्पट करावी, तीत शुक्ल प्रतिपदेपासूनच्या तिथी मिळवाव्यात आणि बेरजेला 7 ने भागावे. बाकी 3 उरली तर घबाड. सूर्य अश्विनीत, चंद्र आठव्या पुष्यात आणि तिथी शुक्ल सप्तमी असेल, तर 24 अधिक 7 म्हणजे 31, बाकी 3. छापील पंचांगाच्या रोजच्या रकान्यात हा मुहूर्त आजही दिलेला असतो. या वेळी हाती घेतलेले काम फळते, अशी समजूत. बोलीने त्यातले गणित टाकून दिले, फळ तेवढे ठेवले.

संस्कृतातून आलेले दोन न्याय याच घरातले. कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ, तो काकतालीय न्याय. लाकूड पोखरता पोखरता किड्याकडून अक्षर उमटावे, तो घुणाक्षर न्याय. किड्याला वाचता येत नाही, हे त्यातले मर्म. कपिलाषष्ठीचा योग मात्र वेगळा: तो दुर्मीळ खरा, पण आगाऊ ठाऊक असतो.

इंग्रजीतला ‘सेरेंडिपिटी’ हा शब्द होरेस वॉलपोलने 28 जानेवारी 1754 च्या पत्रात घडवला. सेरेंदिप म्हणजे श्रीलंका. तिथल्या तीन राजपुत्रांच्या कथेवरून तो सुचला. रस्त्याच्या एकाच बाजूचे गवत खाल्लेले दिसते, त्यावरून पुढे गेलेले जनावर एका डोळ्याने आंधळे, हे ते ताडतात. नशिबाला चाणाक्षपणाची जोड ही वॉलपोलची अट. घबाडाला ती नाही.

प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये झाडाचे मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी ब्राँझची चार शिल्पे निघाली. एकूण वजन 60 किलोहून अधिक. खणणाऱ्याच्या दृष्टीने ते निव्वळ घबाड. शिल्पांचे मोल पुढे पुरातत्त्वज्ञांनी ओळखले, म्हणजे वॉलपोलची अट पुरी झाली ती दुसऱ्यांच्या हातून.

वर्तमानपत्रांत आता हा शब्द बहुधा धाडीच्या बातमीत भेटतो. कपाटातून निघालेल्या बेहिशेबी रोकडीलाही मथळ्यात ‘घबाड’च म्हणतात, जरी ती ठेवणाऱ्याला त्यात अनपेक्षित काहीच नसते.