सामाईक दप्तर

‘डेटाबेस’ हा शब्द अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात रूढ झाला. तत्पूर्वी संगणकाच्या प्रत्येक कामासाठी माहितीची निराळी संचिका ठेवीत. साहजिकच एकाच ग्राहकाचा पत्ता दोन संचिकांत दोन प्रकारे आढळे. त्याच दशकात चार्ल्स बाकमन यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत अनेक कामांना सामाईक असा माहितीसाठा उभारला. परंतु तेथे नोंदीपर्यंतची वाट आज्ञावली लिहिणाऱ्यास ठाऊक असावी लागे. १९७० साली एडगर कॉड यांनी माहिती साध्या कोष्टकांत मांडण्याचा सिद्धान्त प्रसिद्ध करून ते बंधन दूर केले. आज कोणत्याही यादीस हे नाव देतात. परंतु अनेकांसाठी एकच नोंद, हेच त्याचे मर्म होय. मात्र दप्तर सामाईक झाले, की त्यातील चूकही सामाईक होते.