परिषद भरविणारा स्थापत्यविशारद

तिघऱ्याचे पाणी लष्करातील ज्या घरांत येते, तेथे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव क्वचितच निघते. सांक नदीवरील हे धरण १९१६ साली पुरे झाले, तेव्हा त्याला त्यांनीच शोधून काढलेली स्वयंचलित दारे बसविली होती. पाणी ठराविक पातळीवर चढले की ती आपोआप उघडत आणि उतरले की मिटत. १९०३ साली ती प्रथम पुण्याजवळ खडकवासल्यास बसली. १९ ऑगस्ट १९१७ रोजी तिघरा फुटले आणि मोठी प्राणहानी झाली. परंतु दोष दारांचा नव्हता. पायातील वालुकाश्मात पाणी मुरले होते.

प्रस्तुत लेखक मराठीचा अध्यापक. त्याला या दारांहून त्यांची दुसरी रचना, म्हणजे परिषद, अधिक मोह घालते.

१८८३ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजातून स्थापत्याची परीक्षा देऊन विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात शिरले. नाशिक, खानदेश, पुणे ही त्यांची कर्मभूमी. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांचा सहवास त्यांना लाभला. रानडे आणि महादेव बल्लाळ नामजोशी या मंडळींनी १८९० पासून पुण्यात औद्योगिक परिषदा भरविल्या होत्या. तरुण अभियंत्याला तो वारा लागला असावा, असे माझे मत आहे.

१९०९ साली ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. त्यांच्या सूचनेवरून १९११ साली म्हैसूर आर्थिक परिषद भरली. आपल्याकडील परिषदांचा रिवाज सर्वांना ठाऊक आहे: ठराव होतात, हार सुकतात, पाहुणे स्टेशनवर जातात. विश्वेश्वरय्यांनी शिक्षण, शेती आणि उद्योग-व्यापार अशा तीन समित्यांना वर्षभराचे काम नेमून दिले, जिल्ह्याजिल्ह्यांतही समित्या केल्या. सरकारी अधिकाऱ्यांबरोबर शेतीव्यापारातील जाणती माणसे त्यांत घेतली. १९१२ साली ते दिवाण झाल्यावर या कामाला सत्तेचे बळ मिळाले, आणि १९१३ साली बँक ऑफ म्हैसूर उभी राहिली. या परिषदेतील सभासद सरकारनियुक्त होते, हे उणे मात्र नोंदविले पाहिजे. रानड्यांची परिषद लोकांची होती, ही दरबारची.

निवृत्तीनंतरही ही आवड सुटली नाही. १९२३ साली लखनौच्या विज्ञान परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, आणि १९४१ साली, ऐंशीच्या घरात असताना, कारखानदारांची अखिल भारतीय संघटना स्थापन केली.