घरगुती बिअरनिर्मिती : लहान घाण्यांची पद्धत

घरच्या वापरासाठी बिअर तयार करण्यास शिकताना एका वेळी ४ ते ५ लिटरचाच घाणा करून, दर खेपेस एकच घटक बदलून त्याचा परिणाम पारखण्याची पद्धत. अमेरिकेत घरगुती घाणा सहसा ५ गॅलनचा, म्हणजे सुमारे १९ लिटरचा असतो. घाणा लहान असला की सामग्री थोडी लागते व बिघडल्यास नुकसानही थोडे होते. परंतु या पद्धतीचे खरे मोल काटकसरीत नसून कार्यकारणसंबंध स्वतः पडताळून पाहता येण्यात आहे.

ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी असलेली परवान्याची अट १९६३ मध्ये रद्द झाली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये संमत केलेल्या कायद्याने दोन प्रौढ व्यक्तींच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंतची बिअर करमुक्त झाली, तरी अलाबामा व मिसिसिपी या राज्यांत ती २०१३ पर्यंत बेकायदाच होती. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे.

मोड आणून वाळवलेला जव, म्हणजे माल्ट, भरडून गरम पाण्यात तासभर ठेवला असता त्यातील विकरे पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात. गाळून मिळालेल्या या गोड द्रवाला वर्ट म्हणतात. तो हॉप या वेलीच्या फुलांसह उकळल्यावर त्याला कडवटपणा येतो. नंतर तो थंड करून त्यात यीस्ट घालतात. भिजवणीचे तापमान ६३ ते ६५ अंश सेल्सिअस राखल्यास यीस्टला पचणारी शर्करा अधिक तयार होऊन बिअर कोरडी व हलकी होते, तर ६८ ते ७० अंशांना न पचणाऱ्या शर्करा अधिक राहून ती जिभेला भरीव लागते. हा फरक एकाच भरडीच्या दोन लहान घाण्यांतून स्पष्ट कळतो. मात्र ४ लिटरचे भांडे झपाट्याने निवत असल्याने ते जाड कापडात गुंडाळून ठेवावे लागते, नाहीतर तासाभरात तापमान काही अंशांनी उतरून तुलनाच फसते.

सर्वांत बोलका प्रयोग यीस्टचा होय. एकच वर्ट दोन बरण्यांत विभागून एकीत इंग्लिश एल बिअरचे व दुसरीत बव्हेरियन गव्हाच्या बिअरचे यीस्ट घातले, तर दुसऱ्या बरणीतील बिअरला लवंगेचा व पिकल्या केळ्याचा वास येतो. लवंग वा केळे यांचा अंशही त्यात नसतो. तो गंध पूर्णतः त्या यीस्टच्या चयापचयातून निर्माण होतो, आणि ही गोष्ट कितीही वाचून पटत नाही तेवढी या दोन पेल्यांनी पटते.

किण्वनाची प्रगती विशिष्ट गुरुत्वावरून मोजतात. ते १.०५० वरून १.०१० वर आले, तर मद्यार्काचे प्रमाण सुमारे ५.२५ टक्के भरते. हायड्रोमीटरसाठी दर वेळी सुमारे १०० मिलिलिटर नमुना काढणे लहान घाण्याला परवडत नाही, म्हणून काही थेंबांत काम भागवणारा अपवर्तनमापक वापरतात. परंतु मद्यार्कामुळे त्याचे वाचन चुकत असल्याने किण्वन सुरू झाल्यानंतरच्या आकड्यांत दुरुस्ती करावी लागते. गुरुत्व काही दिवस स्थिर राहिल्याखेरीज बिअर बाटलीत भरू नये. अपुऱ्या किण्वनावर साखर घालून बूच लावल्यास वायूच्या दाबाने बाटल्या फुटून इजा होऊ शकते.

चवीची पारख तीन पेल्यांच्या चाचणीने करतात. दोन पेल्यांत एक बिअर व तिसऱ्यात दुसरी देऊन वेगळा पेला ओळखण्यास सांगतात. निव्वळ अंदाजानेही तिघांतील एकाचे उत्तर बरोबर येऊ शकते, म्हणून १० जणांपैकी किमान ७ जणांनी तो ओळखला तरच फरक खरा मानणे योग्य ठरते. थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढण्याचे गणितही मद्यनिर्मितीच्याच क्षेत्रात घडले : डब्लिनच्या गिनेस कारखान्यातील विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध केला.

लहान घाण्याचे निष्कर्ष मोठ्या घाण्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. रुंद भांड्यातील थोड्या वर्टचे बाष्पीभवन प्रमाणाने जास्त होते, बिअरचा हवेशी संपर्क अधिक येतो, आणि ५ ग्रॅम हॉप मोजताना १ ग्रॅमची चूक झाली तरी ती २० टक्क्यांची ठरते. म्हणून दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा या पद्धतीत आवश्यक मानला जातो.