धूळपाटी ते बालवाडी : मांडवा-अलिबाग किनाऱ्याच्या संदर्भात प्रारंभिक वाचन, लेखन व व्याकरण शिक्षणाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
मांडवा हे रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील, मुंबईच्या समोरच्या तीरावरील बंदर होय. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० मध्ये खालसा झाले आणि अलिबागचा परिसर इंग्रजी अमलाखाली आला. १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला व १९८१ मध्ये त्याचे नाव रायगड असे झाले. मराठीतील आरंभीची अनेक शालेय पुस्तके ज्या मुंबईत तयार झाली, ती मुंबई येथून केवळ पाण्याच्या एका पट्ट्यापलीकडे आहे. परंतु पुस्तकातील मराठी आणि येथील आगरी-कोळी मुलाच्या तोंडची मराठी यांतील अंतर त्याहून मोठे होते. हे अंतर बालशिक्षणाने कसे हाताळले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

पंतोजींची शाळा :
इंग्रजी अमलापूर्वी गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. 'ओनामा'ने आरंभ होई. मूल धूळपाटीवर अक्षर गिरवी आणि गिरवतानाच त्याचा उच्चार करी. म्हणजे लेखन, वाचन व पाठांतर या क्रिया एकत्रच घडत. पुढे मोडी वळण, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी व हिशेब शिकविले जात. व्याकरण हा स्वतंत्र विषय येथे नव्हता. व्यवहाराचा कागद लिहिता-वाचता यावा एवढाच हेतू होता. तथापि हे शिक्षण प्रामुख्याने ब्राह्मण, प्रभू, व्यापारी अशा वर्गांतील मुलांपुरते राहिले. मिठागरे, शेती व मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबांतील मुले आणि बहुतेक सर्व मुली त्याबाहेर होत्या.

छापील पुस्तक आणि व्याकरण :
१८२० नंतर मुंबईत देशी भाषांतील शालेय पुस्तके तयार करण्याचे संघटित प्रयत्न सुरू झाले. छपाईसाठी बालबोध म्हणजे देवनागरी लिपी रूढ होत गेली, तर व्यवहारात मोडी चालू राहिली. परिणामी मुलाला दोन लिप्या शिकाव्या लागल्या. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. बाळशास्त्री जांभेकर यांचे बालव्याकरणही याच काळातील. या ग्रंथांनी मराठीला शास्त्रशुद्ध अभ्यासाची प्रतिष्ठा मिळवून दिली, हे त्यांचे ऋण मान्य करावयास हवे. मात्र इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर रूढ झालेल्या शब्दांच्या आठ जाती, त्यांच्या व्याख्या व नियम वर्गात मुखोद्गत करण्याचा विषय बनले. भाषा वापरण्यापूर्वी तिची व्याख्या पाठ करणे, असा उलटा क्रम त्यातून पडला.

किनाऱ्यावरील बोली व तिचा प्रश्न :
येथील मूल 'पाणी'ला 'पानी', 'डोळा'ला 'डोला' व 'मला'ऐवजी 'मना' म्हणते. ही चूक नसून त्या बोलीची नियमबद्ध व्यवस्था आहे. 'ण'च्या जागी 'न' व 'ळ'च्या जागी 'ल' सातत्याने येतो. परंतु प्रमाणभाषेच्या मापाने ती अशुद्ध ठरली. पहिल्याच दिवशी ज्याच्या घरच्या बोलीला अशुद्ध म्हटले जाते, ते मूल वर्गात बोलेनासे होते. आणि न बोलणारे मूल लिहिणार कसे?

याची सामाजिक किंमतही मोठी होती. खोती पद्धतीत कुळांकडून कबुलायती लिहून घेतल्या जात. निरक्षर कुळाला त्यातील मजकूर न वाचताच अंगठा उठवावा लागे. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली याच तालुक्यातील चरी येथे १९३३ ते १९३९ या काळात झालेला शेतकऱ्यांचा संप हा जमिनीचा लढा होता. पण कागद वाचता न येणाऱ्या माणसाची अगतिकताही त्यामागे होती.

बोर्डी-कोसबाडचा प्रयोग :
या प्रश्नाचे एक उत्तर याच कोकण किनाऱ्याच्या उत्तर टोकाला सापडते. ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केले होते. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले; अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाड येथे गेले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा अंगणवाडीमागील विचार होता. बिया, पाने, शंख-शिंपले हीच साधने झाली. गाणी, गोष्टी व संभाषण आधी, अक्षर नंतर आणि नियम त्याहून नंतर, असा क्रम तेथे स्वीकारला गेला.

निष्कर्ष :
धूळपाटीने हाताला वळण दिले, छापील व्याकरणाने भाषेला शिस्त दिली. परंतु मुलाच्या बोलीला वर्गात स्थान देण्याचे काम बालवाडीच्या चळवळीने केले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घरच्या भाषेतील शिक्षणावर भर दिला, तर २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीपर्यंत पायाभूत वाचन-लेखनाचे ध्येय ठेवले. मांडव्यासारख्या गावात हे ध्येय गाठावयाचे, तर शिक्षकाने 'पानी' ऐकून घ्यावे आणि त्याच्या शेजारी 'पाणी' लिहावे. पहिला शब्द खोडून दुसरा शिकविता येत नाही, हेच या इतिहासाचे सार आहे.